भंगारातलं प्लॅटिनम, दीड हजार कोटींची योजना आणि आपले झारेकरी

गोराईच्या जेट्टीवरून पलीकडच्या गावात जाणाऱ्या बोटीत बसलं की समोर पॅगोडाचा सोनेरी घुमट दिसतो. मागे वळून पाहिलं तर बोरिवलीच्या काठावर गवताने झाकलेली एक टेकडी दिसते. नव्या माणसाला ती टेकडीच वाटते. जुन्या रहिवाशांना माहीत आहे की तो गोराईचा डंपिंग ग्राउंड आहे. १९७२ पासून २००७ च्या अखेरपर्यंत पश्चिम उपनगराचा कचरा तिथे पडत राहिला. जवळपास २० हेक्टर जागा आणि २३ लाख टनांहून अधिक कचरा. नंतर महापालिकेने तो शास्त्रीय पद्धतीने बंद केला, वरून माती आणि गवत आलं, आतला मिथेन वायू पाइप घालून बाहेर काढण्यात आला. डंपिंग चालू होतं तेव्हा तिथे वेचणाऱ्यांचीही एक दुनिया होती. लोखंड वेगळं, तांबं वेगळं, प्लास्टिक वेगळं. कचऱ्यात माल असतो हे मुंबईला सरकारी कागदांनी शिकवलं नाही, या हातांनी शिकवलं.

हे आठवायचं कारण म्हणजे केंद्र सरकारचा एक निर्णय. ३ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने दुर्मीळ आणि महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्वापरासाठी १,५०० कोटी रुपयांच्या प्रोत्साहन योजनेला मंजुरी दिली. मुदत २०२५-२६ ते २०३०-३१, अशी सहा वर्षं. कुठल्या भंगाराला ही योजना लागू आहे? ई-कचरा, लिथियम बॅटऱ्यांचं भंगार आणि इतर भंगार. या 'इतर'मध्ये सरकारने स्वतःच उदाहरण दिलंय ते जुन्या गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं. म्हणजे आपल्या गॅरेजवाल्यांच्या भाषेत, सायलेन्सरचं.

मराठी पेपरांत ही बातमी आली असेल तर आतल्या पानावर. आपल्या मोहल्ल्यांत तर तिची चर्चाच झाली नाही. खरं तर कुर्ला, मालवणी, गोवंडी, मुंब्रा, भिवंडी, जिथे जिथे भंगाराचा धंदा आहे, तिथे जुम्याच्या नमाजनंतर या विषयावर बोलणं व्हायला हवं होतं.

सायलेन्सरमध्ये असतं काय?

गोराई-चारकोपच्या अंगाला एका गॅरेजवाल्या चाचांना मी हे विचारलं. त्यांनी कोपऱ्यातलं एक गोणपाट उघडून दाखवलं. आत राखाडी, मधमाशीच्या पोळ्यासारखे भोकाभोकांचे तुकडे आणि तळाशी पूड. म्हणाले, "याला आम्ही माती बोलतो. वजनावर नाही, नगावर भाव. गाडी कुठली ते सांगायचं, समोरचा रेट सांगतो. का तेवढा, ते तो सांगत नाही." तीस-पस्तीस वर्षं गाड्यांच्या पोटाखाली गेलेला माणूस. आपण नेमकं काय विकतो हे त्याला ठाऊक आहे, पण ते किती आहे हे ठाऊक नाही.

१ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. त्याबरोबरच शिसंविरहित पेट्रोल आलं, कारण शिसं लागलं की हा डबा निकामी होतो. पुढे नियम कडक होत गेले आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. आज प्रत्येक पेट्रोल गाडीत असा डबा आहे. आतल्या सिरॅमिकच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या तीन धातूंचा अतिसूक्ष्म थर दिलेला असतो. इंजिनातून आलेला विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन यांचं काम पहिले दोन धातू बघतात, नायट्रोजनच्या ऑक्साइडचं काम ऱ्होडियम बघतो. एका छोट्या गाडीत हे तिन्ही मिळून साधारण दोन ते सहा ग्रॅम. चहाच्या चमच्यातही दिसणार नाही एवढे.

पण हिशोब करा. दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत, जिथून जगाच्या प्लॅटिनमचा सगळ्यात मोठा वाटा येतो, एक टन दगड फोडला की हे धातू निघतात चार-पाच ग्रॅम. एक टन सायलेन्सरच्या 'माती'त ते असतात हजार ग्रॅमच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त. चाचांच्या कोपऱ्यातलं गोणपाट जगातल्या कुठल्याही खाणीपेक्षा श्रीमंत आहे. भारतात तर खाणीतून प्लॅटिनम जवळपास निघतच नाही. म्हणून केंद्राने २०२३ साली ३० महत्त्वाच्या खनिजांची यादी केली तेव्हा प्लॅटिनम गटाचे धातू त्यात घेतले.

एका ग्रॅममध्ये हजार चौरस फूट

आता यात 'नॅनो' कुठून आलं? कॅटॅलिस्ट म्हणजे उत्प्रेरक. आपल्याकडे खानदानात एक फुफी असतेच, रिश्ते जमवणारी. दोन घरांना समोरासमोर आणते, निकाह झाला की स्वतः बाजूला होऊन पुढच्या रिश्त्याला लागते. उत्प्रेरक तसाच. दोन वायूंना एकत्र आणतो, क्रिया घडवतो आणि स्वतः खर्ची पडत नाही. पण हा रिश्ता धातूच्या फक्त पृष्ठभागावर जमतो. आत दबलेले अणू फुकट बसून राहतात.

एक ग्रॅम प्लॅटिनमचा ठोकळा केला तर त्याची बाजू जेमतेम साडेतीन मिलिमीटर भरते. त्याचं सगळं मिळून पृष्ठफळ माणसाच्या एका नखाएवढं. तोच एक ग्रॅम तीन नॅनोमीटरच्या कणांत विभागला, म्हणजे मिलिमीटरचा तीन लाखावा हिस्सा, तर त्याचं पृष्ठफळ होतं जवळपास ९३ चौरस मीटर. मुंबईकराला समजेल असं सांगायचं तर हजार चौरस फूट. उपनगरातली तीन वन-रूम-किचनची घरं, एका ग्रॅम धातूत. महाग धातू परवडण्याची हीच तर किल्ली आहे. कमी धातू, जास्त जागा.

कणाचा आकार बदलला तरी काम बदलतं. इजिप्तमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत शिकवणारे रसायनशास्त्रज्ञ मुस्तफा अल-सईद यांच्या प्रयोगशाळेने १९९६ साली दाखवून दिलं की प्लॅटिनमचे नॅनोकण घनाच्या किंवा चतुष्फलकाच्या आकारात, ठरवून, बनवता येतात. आज जगभर चाललेल्या संशोधनाची एक पायरी तिथे आहे. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अम्लराजाचा, म्हणजे सोनं-प्लॅटिनम विरघळवणाऱ्या तेजाबाचा, शोध जाबिर इब्न हय्यान यांनी लावला असा मेसेज दर काही महिन्यांनी फिरतो. इतिहासकारांचं यावर एकमत नाही. बऱ्याच जणांच्या मते ती कृती ज्या ग्रंथांत आहे ते पुढच्या काळात, युरोपात, लॅटिनमध्ये 'गेबर' या नावाने लिहिले गेले. जाबिर यांचं मोठेपण त्यामुळे कमी होत नाही. पण अल-सईद यांच्याबद्दलचा मेसेज मला आजपर्यंत एकदाही आलेला नाही. बाराशे वर्षांपूर्वीचा अभिमान फॉरवर्ड करणं सोपं आहे, तीस वर्षांपूर्वीचं काम समजून घ्यायला बीएस्सी करावी लागते.

जुन्या गाडीतून नव्या ऊर्जेकडे

हाच धातू आता स्वच्छ ऊर्जेला हवा आहे. हायड्रोजनवर चालणाऱ्या बसमध्ये इंजिनाच्या जागी फ्युएल सेल असतो. एका बाजूने हायड्रोजन येतो, प्लॅटिनमच्या नॅनोकणांवर त्याचे तुकडे होतात, इलेक्ट्रॉन तारेतून जातात आणि वीज मिळते. दुसऱ्या बाजूला ऑक्सिजनशी गाठ पडून पाणी तयार होतं. ऑक्सिजनकडची बाजू संथ असते, म्हणून तिथे प्लॅटिनम जास्त लागतं. आपल्याकडे हे फक्त कागदावर नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, म्हणजे एनसीएलने, केपीआयटी या कंपनीबरोबर देशी फ्युएल सेल विकसित केला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये त्यावर चालणारी बस पुण्यात दाखवण्यात आली.

उलटी क्रिया म्हणजे विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढणं. त्याच्या एका प्रकारच्या यंत्रात हायड्रोजनच्या बाजूला प्लॅटिनम आणि ऑक्सिजनच्या बाजूला इरिडियम लागतं. इरिडियम जगभरात मिळून वर्षाला निघतं सात-आठ टन. एका ट्रकमध्ये मावेल एवढं, आणि त्यावर सगळ्या जगाच्या हायड्रोजनच्या घोषणा! केंद्राच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला जानेवारी २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, खर्च १९,७४४ कोटी आणि उद्दिष्ट २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन. त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्रानेही आपलं हरित हायड्रोजन धोरण मंजूर केलं, ८,५६२ कोटींचं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पाणी फोडायची जुनी, अल्कलाइन पद्धत निकेलवर चालते, तिला प्लॅटिनम लागत नाही. पवईच्या आयआयटीतही कोबाल्ट ऑक्साइडसारख्या स्वस्त पदार्थावर, चुंबकाच्या मदतीने हायड्रोजन काढण्याचं संशोधन झालंय. त्यामुळे उद्या सगळं जग प्लॅटिनमवरच चालेल अशा भ्रमात कोणी गोणपाट भरून ठेवू नये. शिवाय विजेच्या गाडीला सायलेन्सरच नसतो, तिकडची मागणी हळूहळू घटणार. पण आज रस्त्यावर असलेल्या पेट्रोल गाड्या पुढची पंधरा-वीस वर्षं भंगारात येत राहणार आहेत आणि त्यांच्या पोटातला धातू कुठे ना कुठे जाणारच. प्रश्न एवढाच आहे की त्या वाटेत आपला माणूस कुठे उभा असेल.

झारेकरी कोण होते?

सराफाच्या दुकानातली धूळ, भट्टीची राख, गटारातला गाळ गोळा करून, धुऊन, त्यातून सोन्या-चांदीचे कण काढणाऱ्याला मराठीत झारेकरी म्हणतात. धुळधोये हे त्यांचंच दुसरं नाव. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्याची जी गॅझेटियर निघाली, त्यांत मुसलमान जमातींच्या वर्णनात या धूळ चाळणाऱ्या झाऱ्यांची नोंद आहे. म्हणजे कचऱ्यातून मौल्यवान धातू काढण्याचं काम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. परातीत पाणी किती, पारा किती, हलवायचं किती, हे ज्ञान होतं. दुकानाचा केर विकत घेताना नुसत्या नजरेने त्यात किती वाल सोनं असेल याचा अंदाज बांधणारी माणसं होती ती.

झारेकऱ्याकडे एक गोष्ट होती जी आजच्या भंगारवाल्याकडे नाही. धूळ गोळा करणाराच धूळ धुवायचा. शेवटचा कण त्याच्या हातात यायचा. आजचा भंगारवाला फक्त गोळा करतो. 'माती' गोणपाटातून निघते, कोणी मोठा व्यापारी उचलतो, पुढे ती रिफायनरीत जाते. आपल्याच शेजारी, नवी मुंबईत पावणे इथे हिंदुस्तान प्लॅटिनम ही जुनी कंपनी वापरलेल्या उत्प्रेरकांतून असे धातू परत मिळवते. बराच माल परदेशी रिफायनऱ्यांकडेही जातो. जगात दरवर्षी बाजारात येणाऱ्या या धातूंचा साधारण चौथा हिस्सा आता खाणीतून नाही, अशा भंगारातून येतो. साखळी लांब आहे, आणि नफा साखळीच्या शेवटच्या टोकाला, जिथे तेजाब, भट्टी आणि प्रयोगशाळा आहे, तिथे आहे.

योजनेतली मेख

आता १,५०० कोटींच्या योजनेकडे परत येऊ. वरवर पाहिलं तर ती लहानांसाठीच आहे असं वाटतं. एकूण रकमेचा एक तृतीयांश भाग लहान आणि नव्या उद्योगांसाठी, स्टार्टअपसह, राखून ठेवलाय. म्हणजे सुमारे ५०० कोटी. यंत्रसामग्रीच्या खर्चावर २० टक्के अनुदान आहे, वेळेत उत्पादन सुरू केलं तर. चालवण्याच्या खर्चासाठीही, विक्रीचं ठरावीक उद्दिष्ट गाठलं तर, दुसऱ्या वर्षी ४० टक्के आणि पाचव्या वर्षी उरलेले ६० टक्के या हप्त्यांत मदत आहे. मोठ्यांना जास्तीत जास्त ५० कोटी, लहानांना २५ कोटी. सरकारचा अंदाज असा की यातून प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मिळून जवळपास ७० हजार रोजगार निर्माण होतील.

मेख पुढे आहे. प्रोत्साहन फक्त त्यालाच मिळेल जो भंगारातून प्रत्यक्ष खनिज वेगळं काढतो. बॅटऱ्या फोडून नुसती काळी पूड करून विकणाऱ्याला ही योजना लागू नाही, असं सरकारने स्पष्ट म्हटलंय. आता हाच दंडक सायलेन्सरला लावून बघा. जो डबे गोळा करतो, कापतो, 'माती' काढतो आणि विकतो, तो या योजनेच्या दाराबाहेर. म्हणजे कुर्ल्यातला, मालवणीतला जवळजवळ प्रत्येक जण.

यात सरकारचं म्हणणं अगदीच चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. पूड करून माल परदेशी गेला तर देशात धातू राहणार कसा? पण गोळा करणारा हात नसेल तर रिफायनरी कितीही मोठी असो, भट्टीत घालणार काय? साखळीच्या पहिल्या कडीला एक पैसा न देता शेवटच्या कडीवर अनुदान ओतायचं, ही धोरणातली जुनी सवय आहे. भंगारवाल्यांच्या संघटनांनी निदान एवढं तरी मागायला हवं होतं की अनुदान घेणाऱ्या कारखान्याने नोंदणीकृत छोट्या गोळा करणाऱ्यांकडून लेखी, तपासलेल्या भावाने माल घ्यावा. ते कोणी मागितल्याचं माझ्या तरी ऐकण्यात आलेलं नाही.

भाव, चोरी आणि कागद

या धंद्यात भंगारवाल्याचं नुकसान कसं होतं ते बघा. ऱ्होडियमचा भाव २०२१ च्या वसंतात एका औंसाला, म्हणजे ३१ ग्रॅमना, २९ हजार डॉलरच्या वर गेला होता. दोन-अडीच वर्षांत तो पाच हजारांच्याही खाली आला. पॅलेडियम मार्च २०२२ मध्ये तीन हजार डॉलरच्या पुढे गेलं, २०२४ पर्यंत हजाराच्या आसपास. भाव चढले की खालच्या माणसाला कळतं सगळ्यात शेवटी, पडले की सगळ्यात आधी. नगावर सौदा करणारा नेहमी अंधारात असतो.

यावर जगात रूढ पद्धत आहे, तीही फार अवघड नाही. सगळी माती एकत्र दळायची, नीट मिसळायची, आणि तिचा नमुना तीन भागांत सीलबंद करायचा. एक विकणाऱ्याचा, एक घेणाऱ्याचा, तिसरा राखीव. दोघांच्या तपासणीत फरक पडला तर तिसरा नमुना तटस्थ प्रयोगशाळेत जातो आणि तिचा आकडा अंतिम. एका भंगारवाल्याच्या दहा-वीस डब्यांसाठी हे परवडत नाही. पंधरा-वीस जणांनी मिळून एक टन माती जमवली तर परवडतं. मापात मारणाऱ्यांबद्दल कुरआनात एक अख्खी सूरह आहे, अल-मुतफ्फिफीन. आपल्याकडे तिच्यावर बयान होतं तेव्हा डोळ्यांसमोर किराणा दुकानाचा तराजू येतो. हा तराजूही त्यातलाच आहे.

दुसरा मुद्दा बोलायला कडू आहे. महाराष्ट्रात आणि गुजरातेत इको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जाण्याचे प्रकार गेल्या काही वर्षांत वारंवार झाले. रात्री सोसायटीबाहेर उभी गाडी, सकाळी डबा गायब. बिचाऱ्या शाळेच्या व्हॅनवाल्याला नवा डबा घ्यायचा तर काही हजारांचा फटका. अशा मालाचा शेवट कुठल्या ना कुठल्या भंगाराच्या दुकानात होतो, आणि मग पोलीस त्या गल्लीतल्या प्रत्येक दुकानात येतात. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे आणि त्या पैशाची रोटी हराम, हे आपल्याला कोणी वेगळं सांगायला नको. पण कागदच नसेल तर हलालचा माल विकणाराही चोराच्या रांगेत उभा राहतो. आपल्या नावामुळे तो जरा जास्तच वेळ उभा राहतो, हेही आपण जाणतो. गाडीचा नंबर, विकणाऱ्याचं ओळखपत्र, तारीख आणि फोटो, एवढी वही ठेवली तरी निम्मं संकट टळतं. जुन्या गाड्यांच्या विल्हेवाटीचे नवे नियम १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेत. गाड्या आता नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रांकडे वळणार आहेत. वही न ठेवणाऱ्याच्या हातून उद्या मालच निघून जाईल.

तिसरा मुद्दा तब्येतीचा. डबा कापताना उडणारी पूड आणि आतल्या सिरॅमिक धाग्यांची कुसळं फुप्फुसात जातात. तेजाबात विरघळलेल्या प्लॅटिनमच्या क्षारांमुळे कामगारांना दमा जडतो, हे कारखान्यांच्या अनुभवातून सिद्ध झालेलं आहे. म्हणून कोणी यूट्यूब बघून घराच्या मागे बादलीत अम्लराज बनवायला बसणार असेल तर त्याला हात धरून उठवा. त्या धुराने जीव जातो. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीशिवाय ते बेकायदाही आहे.

केमिस्ट कुठून आणणार?

इथे विषय शिक्षणावर येतो, आणि खरं दुखणं इथेच आहे. शेवटच्या कडीपर्यंत पोचायचं तर केमिस्ट हवा. उत्प्रेरकांवर काम करणारा केमिस्ट तयार व्हायला बीएस्सी, एमएस्सी आणि वर पीएचडीची पाच वर्षं लागतात. या पाच वर्षांत घर कोण चालवणार?

सच्चर समितीचा अहवाल २००६ चा. त्यानंतर २००९ मध्ये अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना एमफिल-पीएचडीसाठी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप सुरू झाली. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने लोकसभेत सांगितलं की ती २०२२-२३ पासून बंद. कारण काय, तर ती इतर योजनांशी मिळतीजुळती आहे. त्याच सुमारास पहिली ते आठवीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीही बंद झाली. एकीकडे हायड्रोजनला १९,७४४ कोटी, आणि दुसरीकडे त्यावर संशोधन करू पाहणाऱ्या गरीब घरच्या मुलीची फेलोशिप बंद. हे दोन्ही निर्णय एकाच महिन्या-दीड महिन्यातले आहेत. राज्यात २०२४ साली बार्टी, सारथीच्या धर्तीवर अल्पसंख्याकांसाठी 'मार्टी' या संशोधन आणि प्रशिक्षण संस्थेला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. तिच्याकडून फेलोशिपची अपेक्षा ठेवायला हवी आणि पाठपुरावाही करायला हवा. तो पाठपुरावा मेमोरंडम देऊन फोटो काढण्यापुरता नसावा.

चीता कॅम्पची आठवण येते. १९७६ साली, आणीबाणीत, ट्रॉम्बेच्या अणुऊर्जा वसाहतीलगतची जनता कॉलनी उठवून हजारो माणसांना तिथे आणून टाकलं. त्या भिंतीपलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. अणुभट्टीत साठणारा धोकादायक हायड्रोजन विजेशिवाय पाण्यात बदलणारी उपकरणं तिथल्या शास्त्रज्ञांनी बनवली, तीही अशाच मौल्यवान धातूंचा थर देऊन. पन्नास वर्षं भिंतीला भिंत लागून आहे.

मार्ग नाहीत असं नाही. भायखळ्याला साबू सिद्दीक आहे, मुंबईत अंजुमन-इ-इस्लाम १८७४ पासून उभी आहे. त्यांनी मनात आणलं तर भंगारवाल्यांच्या मुलांसाठी तीन महिन्यांचा कोर्स सुरू करता येईल. त्यात नमुना कसा घ्यायचा, हातात धरायच्या एक्स-रे यंत्राने धातू कसा मोजायचा, प्रदूषण मंडळाचा अर्ज कसा भरायचा आणि उद्यम नोंदणी कशी करायची, एवढं शिकवलं तरी पुष्कळ. खाण मंत्रालयाच्या अखत्यारीतली जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन संस्था नागपुरातच आहे आणि धातूंच्या पुनर्वापरावर काम करते, मराठीत बोलून चौकशी करता येईल एवढ्या अंतरावर. योजनेच्या अर्जाच्या तारखा आणि अटी मात्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरच तपासाव्यात, एजंटच्या तोंडून नाही. अशा योजना आल्या की एजंट आधी पोचतात.

चाचांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "मशीन कितीला येतं, माती मोजायचं?" मी म्हटलं, एकट्याने घ्यायचं तर महाग, लाखांत जातं. दहा जणांत बघा. त्यांची भाची मालाडच्या कॉलेजात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय केमिस्ट्री. तिला त्यांनी तिथेच फोन लावला आणि योजनेचा इंग्रजी कागद पाठवायला मला तिचा नंबर दिला. दोन दिवसांनी तिचा मेसेज आला. कागद तिने वाचला होता. तिचा प्रश्न असा होता की लहान उद्योगांच्या राखीव हिश्शात पंधरा भंगारवाल्यांची एक सहकारी संस्था बसते का, की कंपनीच काढावी लागेल. याचं उत्तर मला येत नव्हतं, म्हणून तो प्रश्न मी मंत्रालयाला लेखी पाठवलाय. उत्तर आलं की इथेच छापू.